बारावं गाढव

बाराशे रुग्णांची यादी इस्पितळाबाहेर गेली होती, आणि तीही लॉक केलेल्या कॉम्प्युटरवरून. फोन आला तेव्हा तपासनीस बाई जेवायला बसत होत्या. उघडलेला डबा तसाच बंद करून, सोबत घेऊन त्या निघाल्या.

माहिती सुरक्षा विभागाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दाराशी मोबाइल ठेवायची पेटी, आत चार टेबलं. विभागाच्या साहेबांनी बाईंपुढे दोन कागद ठेवले. एक, अकरा वाजून बारा मिनिटांनी यादी अनोळखी पत्त्यावर गेल्याची नोंद. दुसरा, टाइप करून ठेवलेला राजीनामा. त्यावर सही तेवढी व्हायची होती.

"हा कोणाचा?"

"आमच्या ऑपरेटरबाईंचा. मेल त्यांच्या कॉम्प्युटरवरून गेली. त्या वेळी त्या खाली रिसेप्शनला फोनवर होत्या, तिथल्या वहीत तशी वेळ आहे. स्क्रीन लॉक करून गेले, असं त्याच म्हणतात. म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी त्यांचा पासवर्ड माहीत होता. आणि तो त्यांनीच दिला असणार."

"तसं ठरलं तर?"

"नोकरी जाईल. परीक्षा देऊन मिळवलेली तिन्ही प्रमाणपत्रंही रद्द होतील. चार वाजेपर्यंत सही हवी."

अडीच वाजले होते. साहेबांना घाई फार, असं बाईंच्या मनात आलं.

ऑपरेटरबाई एकेचाळीस वर्षांच्या. याच इस्पितळात चौदा वर्षं टेलिफोन सांभाळला. मग ओट्यावर कुकर लावायचा आणि शेजारी पुस्तक उघडायचं, असं करून दोन वर्षांत तीन परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि या खोलीत आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"पासवर्ड कुठे लिहून ठेवला होता?"

"नाही, मॅडम. नवऱ्यालासुद्धा माहीत नाही."

"उठून का गेलात?"

"शाळेतून फोन होता. मुलीला चक्कर आली म्हणून. अकरा पाचला बोलावलं, वीसला परत आले."

"स्क्रीन लॉक केलीच होती?"

"केलीच होती! आले तेव्हा लॉकच होती की. पहिल्या महिन्यात अकरा वेळा गाढव लागलंय मला. त्यानंतर एकदाही चुकले नाही."

"गाढव?"

त्या एवढ्या दुःखातही ओशाळल्या. या खोलीचा रिवाज होता तो. कोणी स्क्रीन उघडी टाकून उठलं, की येणाराजाणारा त्यावर कान पाडलेल्या गाढवाचं चित्र लावायचा. दिवसभर ते काढायचं नाही.

"अकराही वेळा कोणी लावलं?"

"गुरुजींनी. त्यांनीच मला हाताला धरून काम शिकवलं. त्यांच्या नजरेतून उघडी स्क्रीन सुटत नाही."

बाईंनी आधी त्याच खोलीतल्या एका चष्मेवाल्या सहकाऱ्याला बोलावलं. कानाला हेडफोन लावून तो कोपऱ्यात बसायचा.

"अकरा ते साडेअकरा काय पाहिलंत?"

"माझी स्क्रीन. पण एक सांगतो, पुस्तकं घोकून या लाइनमध्ये येणाऱ्यांचं असंच होतं."

उर्मटपणा हा काही पुरावा नव्हे. बाईंनी त्याला जाऊ दिलं.

मग गुरुजी आले. नऊ वर्षांचा अनुभव, शांत आवाज, हातात छापलेला कागद.

"त्या वेळी मी प्रिंट घ्यायला उठलो होतो. ही बघा, अकरा आठची वेळ आहे. तिच्या टेबलावरूनच गेलो. खुर्ची रिकामी होती."

"आणि स्क्रीन?"

"लॉक होती. नाहीतर गाढव लावल्याशिवाय मी पुढे गेलो असतो का?" ते खिन्न हसले. "पोर खोटं बोलत नाही, मॅडम. लॉक तिनं केलंच होतं."

बोलणं तिच्या बाजूचं होतं, पण त्यानं फास तिचाच आवळला जात होता. बाईंनी मेलच्या नोंदीचा कागद पुन्हा उचलला.

"साहेब, मेलची ही नोंद कोणी काढली?"

"गुरुजींनी."

"मला त्या कॉम्प्युटरची सकाळपासूनची सगळी नोंद हवी. मुख्य कार्यालयातून मागवा."

पावणेचारला कागद आला. बाईंनी सगळ्यांना बसवलं. राजीनामा टेबलावरच होता.

"सगळे एकच शोधत होते, पासवर्ड कुठून फुटला. मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, म्हणून मी साधं पाहिलं. कुलूप कधी लागलं आणि कधी उघडलं? सकाळी नऊ दोनला उघडलं. त्यानंतर अकरा तेरापर्यंत एकदाही लागलं नाही."

ऑपरेटरबाईंनी मान वर केली. "अकरा तेरा? तेव्हा मी खाली होते."

"हो. मुलीच्या काळजीनं तुम्ही तशाच पळालात. परत आलात तेव्हा स्क्रीन लॉक दिसली, म्हणून आपणच केली असं तुम्हाला वाटलं. पासवर्ड फुटलाच नाही. तो कोणाला वापरावाच लागला नाही."

"आपोआपही लॉक होते ती," चष्मेवाला म्हणाला.

"हात न लावता पंधरा मिनिटं गेली तर. इथे मेल गेल्यावर एका मिनिटात झाली. मेल पाठवणाऱ्यानं उठताना ती लॉक केली. का? नऊ वर्षांची सवय. बोटं आपली आपणच वळली." बाई वळल्या. "गुरुजी, अकरा आठला स्क्रीन उघडी होती. तुम्ही ती पाहिलीत, तरी गाढव लावलं नाहीत. मला मात्र लॉक होती म्हणून सांगितलंत. कारण उघडी म्हटलं असतं, तर मी लगेच विचारलं असतं, गाढव कुठे आहे?"

गुरुजींच्या हातातला कागद चुरगळला.

"यादी कोणाला विकली नाही," ते म्हणाले. "तो पत्ता मीच बनवलेला. हिच्या तीन परीक्षांमधली शेवटची मी तीनदा नापास झालो. ही एकदाच बसली. पुढच्या महिन्यापासून ही माझी वरिष्ठ होणार होती. हिला मी शिकवलंय, मी!"

साहेब त्यांना घेऊन बाहेर गेले. जाताना त्यांनी राजीनामा फाडला.

ऑपरेटरबाई आपल्या टेबलाशी बसल्या. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण रडू गुरुजींसाठी येत होतं.

"म्हणजे मी विसरले होते," त्या म्हणाल्या.

"विसरलात म्हणून तर पासवर्ड फुटला नाही हे सिद्ध झालं. देवाची कृपा समजा," तपासनीस बाई डबा उचलत म्हणाल्या.

गाढव लावणारं आता कोणी उरलं नव्हतं. ऑपरेटरबाईंनी चित्र शोधलं आणि स्वतःच्या हातानं स्क्रीनवर लावलं. मग मुलीला फोन करायला उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि स्क्रीन लॉक केली.