तीन पायांचा की चार पायांचा

प्रेमात पडायचं वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. मला रोलर हवा होता, आणि तो लीगच्या शेवटच्या सामन्याआधी हवा होता.

रोलर म्हणजे काय ते माझ्या सख्ख्या बहिणीला अजून कळलेलं नाही, तेव्हा सांगून टाकते. आम्ही पोलने मासे धरतो. पोल म्हणजे कार्बनची तेरा मीटर लांब काठी, तुकड्यात तुकडा बसवून केलेली. तिला रीळ नसतं, दोरा थेट टोकाला बांधलेला असतो. मासा लागला की अख्खी काठी हातातून मागे मागे सरकवायची, टोकाचा भाग हाताशी आला की तेवढाच सुटा करायचा आणि मासा जाळ्यात घ्यायचा. मागे जाणारी ती काठी जमिनीवर आपटू नये म्हणून पाठीमागे पायांवर एक फिरतं लाटणं उभं केलेलं असतं. तोच रोलर. चांगला पोलवाला मागे वळून बघत नाही. डोळे पाण्यावर ठेवायचे, काठीने आपली आपण रोलरवर जाऊन बसायचं.

माझी बसली नव्हती. आदल्याच सामन्यात वारा सुटला, माझा तीन पायांचा हलका रोलर आडवा झाला आणि पोलचा पाचवा तुकडा तडकला. मी पुन्हा दुसरी आले. सामन्याला काठाचे पट्टे पाडतात, आणि लीगच्या शेवटच्या सामन्यात आपल्या पट्ट्यात पहिला येईल तोच फायनलला जातो. मी सलग तीन मोसम दुसरी येत होते, आणि क्लबातली मंडळी मला तोंडावर ‘सेकंड हेदर’ म्हणायला लागली होती. मी हसायचे. हसू मात्र अजिबात यायचं नाही.

डोरीनचं गळ-काठ्यांचं दुकान बसस्टँडच्या मागे आहे. आत शिरलं की आमिषाच्या अळ्यांचा आणि ओल्या भुशाचा वास येतो, तो मला आवडतो. त्या शनिवारी बाहेर बारीक पाऊस होता आणि डोरीनने सगळे रोलर जमिनीवर मांडून ठेवले होते. व्हीच्या आकाराचा तीन पायांचा. मधला एक, ज्याचं कुणीच कधी काही बोलत नाही. आणि चार पायांचा, रुंद, सपाट... जवळजवळ खाटच म्हणा. काठी वाऱ्याने इकडे तिकडे गेली तरी त्याच्यावर पडणारच. मी सरळ त्यालाच हात घातला.

“कालव्यासाठी घेताय?” मागून कुणीतरी विचारलं.

अळ्या घ्यायच्या रांगेत एक उंच माणूस उभा होता, कोटावरून पाणी गळत होतं. मी हो म्हटलं.

“मग हा नका घेऊ. काठावर उतार आहे. तीन पाय कुठेही टेकतात. चार पाय असले की एक कायम हवेत.”

“पाय लांब-आखूड करता येतात त्याचे.”

“येतात की. अर्धा तास हाताशी असेल तर.”

मी म्हटलं, माझा तीन पायांचा वाऱ्याने पडला, तुमचा सल्ला त्यालाच सांगा.

“रोलर नव्हता पडला,” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही त्याला वजन लटकवलं नव्हतं. अळ्यांची पिशवी टांगली असती तरी उभा राहिला असता.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे याला कसं ठाऊक? तर तो त्या दिवशी माझ्यापासून दोन जागा सोडून बसला होता. एड्विन स्पिंक. निकालाच्या पानावर हे नाव मी माझ्या वर किंवा माझ्या खाली इतक्यांदा वाचलं होतं की माणूस टकला आणि म्हातारा असणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती. तो दोन्ही नव्हता. हे मी नोंदवून ठेवलं, त्यापलीकडे काही नाही.

मी हट्टाला पेटून चार पायांचाच घेतला. डोरीन पावती फाडताना म्हणाली, “पोरी, बरोबर तो सांगतोय.” मी म्हटलं, माहितेय. आणि रोलर काखेत मारून बाहेर पडले.

बुधवारी कामावरून लवकर सुटल्यावर मी कालव्यावर सराव करायला गेले. आमच्या कालव्याची तऱ्हा अशी की पाणी, मग आपण, आपल्या पाठीमागून चालायची वाट, आणि वाटेपलीकडे शेतात उतरणारा गवताळ उतार. रोलर त्या उतारावर उभा करायचा. म्हणजे काठी मागे घेतली की ती वाट अडवते, आणि वाटेवरून माणसं येतात, कुत्री येतात, सायकली तर सुसाट येतात. माझ्या नव्या रोलरचा एक पाय हवेत लटकत होता. मी गुडघ्यावर बसून त्याचे स्क्रू पिळत होते, तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. “किती वेळ झाला?”

“आत्ताच बसले,” मी थाप मारली. माझे गुडघे चिखलाने भिजून काळे झाले होते.

एड्विनने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. त्याने उतारावरचं एक सपाट ढेकूळ उचललं आणि हवेतल्या पायाखाली सरकवलं. रोलर स्थिर झाला. मग त्याने विचारलं, “चहा घेतेस?” दुकानातलं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते मला कळलंच नाही.

नोव्हेंबर लागला होता, त्यामुळे त्याच्याकडे फ्लास्कबरोबर डब्यात पार्किनही होतं, आल्याचा चिकट केक, या दिवसांत आमच्याकडे घरोघरी होतो तो, त्याच्या आईने केलेला. आम्ही माझ्या सामानाच्या पेटीवर शेजारी शेजारी बसून ते खाल्लं. तो शाळेत भूगोल शिकवतो असं कळलं. मी पशुवैद्याकडे काम करते, मांजरांना गोळ्या देते, हे ऐकून तो म्हणाला की मग माणसांशी कडक बोलायची सवय तिथलीच दिसते. मी म्हटलं, मांजरं ऐकतात तरी. तो हसला तेव्हा त्याच्या कोटाची बाही माझ्या बाहीला लागली, आणि ती त्याने काढून घेतली नाही. मीही नाही. पावसाची भुरभुर पाण्यावर उमटत होती, समोर एक पाणकोंबडी आपल्या कामाला लागली होती... आणि मी पार्किनचा तिसरा तुकडा उगाचच घेतला.

“रविवारी आपण एकाच पट्ट्यात आहोत,” तो निघताना म्हणाला.

“माहितेय.”

“मी सोडणार नाही हं.”

“सोडून बघ,” मी म्हटलं, “पोल मोडीन तुझा.”

रविवारी सकाळी पिशवीतून जागेचे नंबर काढले. मला चौदा आला, त्याला पंधरा. शेजारी.

आता आमच्याकडे एक रीत आहे, ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. कालव्यावर शेजारी एकमेकांची पाठ सांभाळतात. मी काठी मागे घेणार असेन तेव्हा शेजारचा वाटेकडे बघतो. कुणी येत असेल तर म्हणतो, ‘थांब’, आणि आपण थांबतो. शंका नाही, प्रश्न नाही. तो आपला प्रतिस्पर्धी असला तरी. कितीही हाडवैर असलेली माणसं मी या एका बाबतीत सरळ वागताना बघितली आहेत.

शिट्टी झाली. एड्विन पहिल्यापासून छान धरत होता, रोच, पर्च असे लहान मासे, एकामागून एक. माझं हळू चाललं होतं. पण माझा रोलर त्या दिवशी गुणी निघाला, वारा असूनही काठी दर वेळी बिनबोभाट त्यावर जाऊन पडत होती. “मोकळी आहे,” एड्विन म्हणायचा, मी काठी मागे घ्यायचे. मग मी त्याला म्हणायचे, मोकळी आहे. तासन्तास आम्ही एकमेकांशी एवढंच बोललो. तरी मला त्या दोन शब्दांची सवय व्हायला लागली होती, आणि ते बरं लक्षण नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात पलीकडच्या काठाखाली दोऱ्यावर तरंगणारा माझा फ्लोट बुडाला नाही, आडवा झाला. ब्रीम हा मोठा मासा आमिष तसाच घेतो. मी काठी उचलली आणि टोक पार पाण्यापर्यंत वाकलं. पाच पौंडांचा तरी असावा. हा एक मासा जाळ्यात आला की फायनल. मी त्याला अलगद काठापासून सोडवला, मधल्या खोल पाण्यात आणला, आणि काठी मागे सरकवायला सुरुवात केली.

“थांब,” एड्विन ओरडला. “सायकल.”

मी थांबले. तेरा मीटर काठी हातांवर तोलून थांबले. ब्रीमने एकदा डोकं हलवलं, दुसऱ्यांदा हलवलं, आणि गळ सुटला. काठीचं टोक वर उडालं.

मग मी ते केलं जे करायचं नसतं. मागे वळून बघितलं. डावीकडे पुलापर्यंत आणि उजवीकडे वळणापर्यंत वाट रिकामी होती. सायकल नव्हती, माणूस नव्हता, साधं कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी एड्विनकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

सामना चालू असताना काठावर आरडाओरडा करत नाहीत, म्हणून मी केला नाही. मनात मात्र त्याला उभा आडवा सोलला. पार्किन, मातीचं ढेकूळ, कोटाची बाही... सगळं याचसाठी होतं तर. मी पुढे एकही मासा धड धरला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझे डोळे वाऱ्याने चुरचुरत होते. वाऱ्यानेच, असं मी ठरवलं होतं.

बर्नार्ड काटा घेऊन आला. तो आमच्या क्लबाचा जुना माणूस, वजनं तोच करतो. दिवसभराचे मासे पाण्यातल्या जाळ्यात जिवंत ठेवलेले असतात; माझे भरले नऊ पौंड चार औंस. एड्विनकडे त्याहून जास्त होतं, हे मला मोजल्याशिवाय कळत होतं. पुन्हा दुसरी. मी सामान आवरायला घेतलं.

बर्नार्ड पंधरावर गेला आणि लगेच परत आला. चेहऱ्यावर काही कळत नसल्यासारखा भाव.

“स्पिंकने जाळ्यातले मासे सोडून दिले,” तो म्हणाला. “पाण्यात. वजन करत नाही म्हणाला. म्हणजे पट्ट्यात तू पहिली, पोरी. गेलीस फायनलला.”

हलकं वजन असलं की लोक मासे तसेच सोडून देतात, त्यात नवल नाही. पण पट्टा जिंकत असलेल्या माणसाने जाळं उलटं केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी फसवायचं आणि मग वर भीक घालायची, हे मला जास्तच लागलं. मी डोक्यात राख घालून पंधरावर गेले.

एड्विन पेटीवर बसला होता, रिकामं जाळं मांडीवर.

“मला तुझी भीक नकोय,” मी म्हटलं.

“भीक नाही. तो ब्रीम तुझाच होता. मी घालवला.”

“सायकल नव्हती.”

“नव्हती,” तो म्हणाला. “बेल वाजली, ती पुलावरच्या रस्त्यावर कुणाची तरी. मी दचकलो. वाट मोकळी आहे की नाही मला सांगताच येईना, म्हणून ‘थांब’ म्हणालो.”

“सांगता का येईना? तू वाटेकडेच बघत होतास ना?”

त्याने मांडीवरचं जाळं उगाच दुमडलं. मी वाट बघितली. रविवारची फिरायला आलेली माणसं मागून जात होती, एका बाईने आम्हाला काय काय मिळालं म्हणून विचारलं.

“मी तुझ्याकडे बघत होतो,” एड्विन म्हणाला. “मोठा मासा लागला की तू श्वास धरून ठेवतेस. खालचा ओठ दातात. आज नाही, गेल्या मोसमापासून बघतोय. आज फक्त... वाट सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.”

येताना मी बरंच काही घोकून आले होते. त्यातलं एकही वाक्य कामाला येईना. राग होता, तो कुठे ठेवावा ते कळेना, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी गरम गरम वर येत होतं. मला तो आवडत होता. रोलर घेतला त्या दिवसापासून आवडत होता, हे मी मलाच पहिल्यांदा सांगितलं.

मी त्याच्या पेटीच्या कडेला बसले. त्याने सरकून जागा केली.

“फायनल अशाच कालव्यावर आहे,” मी म्हटलं. “तिथे शेजारी कोण येईल काय माहीत. मागे बसून वाटेकडे बघायला मला आपलं माणूस लागेल.”

“मी येतो,” तो लगेच म्हणाला.

“वाटेवर लक्ष ठेवशील?”

त्याने माझ्याकडे बघितलं, नीट, पहिल्यांदाच इतक्या जवळून.

“नाही जमणार,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू.”

ती फायनल मला किती हवी होती ते क्लबात कुणालाही विचारा. तीन मोसम मी तिच्यासाठी थंडीत बोटं गोठवली होती, वाढदिवस चुकवले होते, बहिणीच्या लग्नातून अर्ध्यावर उठून आले होते. मागे असा माणूस बसवला तर ती हातची जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“बरं,” मी त्याचा गारठलेला हात हातात घेत म्हटलं, “तरी ये.”