चौथी लाइन

एलादियो मिस्त्री त्या दुपारी वालपराइसोच्या बंदरावर गेला तो अगदी साध्या तक्रारीसाठी. ओयार्सून जहाज एजन्सीच्या ऑफिसात टेलिफोनच्या चार लाइनी होत्या. तीन ठणठणीत. चौथीवर बाहेरचे फोन येत नव्हते, आणि इथून लावलेला एकही जात नव्हता.

"नऊ दाबलं की टोन येतो," ऑफिस सांभाळणारी ग्रिसेल्दा म्हणाली. "पुढे कुठलाही नंबर फिरवा, एक बाईच बोलते. कंपनीची टेप असेल."

"म्हणते काय?"

"मला राजा म्हणते, मिस्त्री! राणी तरी म्हणायचं!" हसत तिने पर्स उचलली. "मी जेवून येते. तोवर गप्प करा तिला."

ऑफिस रिकामं झालं. खिडकीबाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं, आणि दूर कुठंतरी जहाजाचा भोंगा हंबरत होता. एलादियोला ही वेळ आवडायची. धंद्यातली नवी पोरं आली की सरळ अख्खं यंत्र बदला म्हणत. तो अजून तारेला कान लावणाऱ्यांतला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षीही.

दोष यंत्रात की लाइनीत, ते आधी बघायचं म्हणून त्याने चौथी लाइन यंत्रातून सोडवली. उघड्या तारांना आपला तपासणीचा फोन चिमट्यांनी लावला. टोन स्वच्छ होता. विजेचा दाबही हवा तेवढा. त्याने स्वतःच्याच दुकानाचा नंबर फिरवला.

तीन टक्‌टक्‌ झाले. मग शांतता... पण ती रिकामी नव्हती. पुष्कळ बायकांची कुजबुज, खटाखट आत-बाहेर होणाऱ्या पिना, ओढलेली खुर्ची. आणि त्याच्या नाकाशी एकदम वास आला, फरशीला लावायच्या मेणाचा आणि व्हायोलेटच्या अत्तराचा.

"बोल राजा, कुठला नंबर?"

एलादियोने फोन कानाला घट्ट धरला. तो तिथंच जमिनीवर बसला.

असं सगळ्यांना राजा म्हणणारी एकच ऑपरेटर त्याने पाहिली होती. त्याची थोरली बहीण ओतिलिया. शाळा सुटल्यावर तो टेलिफोन एक्स्चेंजच्या जिन्यावर बसायचा, ती खिशातून गोळी काढून द्यायची, आणि कधीतरी सुपरवायझरची पाठ वळली की कानाला लावायचा आपला फोन क्षणभर त्याच्या डोक्यावर चढवायची. "ऐक, अख्खं गाव बोलतंय." तारेचं वेड त्याला तिथं लागलं. तिला जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती. ते एक्स्चेंजही कधीच पाडलं होतं.

"ओतिलिया...?"

मग तिने आवाज अगदी खाली आणला.

"पापा? कामावर कशाला फोन केलात? ती सुपरवायझर बाई ऐकतेय... एलादियोचा ताप उतरला का?"

त्याचा आवाज बापावर गेला होता, हे त्याला सगळे सांगत. आज पहिल्यांदा ते त्याला खरं वाटलं. मी एलादियो, म्हातारा झालोय, असं सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. ती गेली त्या दिवशी तो तापाने फणफणला होता आणि रुसलाही होता. सकाळी ती कामावर निघाली तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

"उतरला," तो म्हणाला.

"अजून रुसलाय?"

"नाही गं... नाही. वाट बघतोय तुझी. लवकर ये."

"मग आजच्या दिवस सुट्टी मागते," ती हसली. "येतेच."

टक्‌. टोन परत आला.

डोळे पुसतापुसता एलादियोचा हात थांबला. मयतीच्या दिवशी तिची एक मैत्रीण म्हणाली होती, वडिलांचा फोन आला म्हणून ती धुक्यातच घाईने निघाली. टेकडीच्या ओल्या पायऱ्यांवर पाय घसरला. बाप शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिला, मी फोन केलाच नाही. घरात कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. एलादियोनेही नाही.

त्याने वेड्यासारखा नंबर फिरवला. पुन्हा. पुन्हा. आता नुसता दुकानातला फोन वाजत होता.

तो तळघरात धावला. तिथं रस्त्यावरून येणारी केबल सुट्या तारांत फुटत होती. चौथ्या लाइनीची जोडी त्याने बोटांनी शोधली. दोन्ही तारा कापलेल्या होत्या. टोकांवर हिरवा गंज धरला होता, कित्येक वर्षांचा.

"मिस्त्री!" वरून ग्रिसेल्दाने हाक मारली. "लागली की हो लाइन! चारवर फोन आला होता!"

तो धापा टाकत वर आला. चौथी लाइन यंत्रातून अजून सुटलेलीच होती. "कुणाचा?"

"तीच असावी, राजा म्हणणारी. फार दमली होती बिचारी." ग्रिसेल्दा कोट काढत होती. "म्हणाली, पापांना सांगा, पायऱ्या चढून झाल्या. दार उघडं ठेवा."

एलादियोने अवजारं तिथंच टाकली. टेकडीवरच्या बापाच्या जुन्या घरी तो आता एकटाच राहायचा. अंधार पडायच्या आत त्याने दार सताड उघडलं, उंबऱ्याकडे तोंड करून खुर्ची ठेवली, आणि धुकं घरात येत राहिलं तरी उठला नाही. भीती वाटत होती, पण दार लोटवत नव्हतं. कधीतरी बसल्याबसल्याच त्याला झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा त्याच्या अंगावर पांघरूण होतं. आणि दाराला आतून कडी होती.