साहेबांचं दार

"यांनी कबूल केलंय, पण गाडी यांनी ठोकलेली नाही," ड्रायव्हरची बायको म्हणाली. "हे खोटं बोलायला लागले की कान खाजवतात. जबाब देताना सारखे खाजवत होते."

कोर्ट सोडून खासगी तपास करणाऱ्या वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांना तपासात सोबत करणारे मास्तर मात्र शेजारी अवघडून बसले होते. सरकारी गाडीखाली सायकलवाला गेला होता. गाडीत दोघंच होते, ड्रायव्हर आणि अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या खात्याचे सचिव. सचिव म्हणजे मास्तरांचा बालमित्र. ड्रायव्हरने कबुली दिल्याचं ऐकून मास्तरांना हायसं वाटलं होतं. त्याचीच आता लाज वाटत होती.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात होती. बाईंनी मास्तरांना मागे बसवून दार लावलं.

"या आता बाहेर."

मास्तरांनी खटका ओढला, खांदा लावला, पलीकडचंही दार पाहिलं. जमेना. शेवटी बाईंनीच बाहेरून उघडलं.

"यंत्रांशी माझं वाकडंच," मास्तर ओशाळले.

अपघाताच्या जागेसमोरच्या दुकानदाराने तेव्हा शटर अर्धं ओढलं होतं. "मला नुसते पाय दिसले. आधी चकचकीत बूट उतरले, मग चपला."

कोठडीत बाईंनी ड्रायव्हरला विचारलं, "साहेबांचं दार कोण उघडतं?"

"मीच. त्यांना कधी हात लावू दिला नाही."

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

"मीच." हात कानाकडे गेला.

सचिवसाहेब मात्र शांत होते. "धडक बसताच मागचं दार उघडून आधी मी उतरलो. हा स्टिअरिंग धरून थिजला होता. मास्तर, तू मला ओळखतोस."

मास्तरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. फौजदार ड्रायव्हरला घेऊन आले होते.

"साहेब, तुम्ही आधी उतरलात हे खरं," बाई म्हणाल्या. "पण मागून नाही. मागची दोन्ही दारं आतून उघडतच नाहीत. लहान मुलांसाठीची कळ लावलेली आहे."

"साहेबांचा नातू बसायचा तेव्हा लावली," ड्रायव्हर पुटपुटला. "काढायची राहिली."

"मास्तरांनी आत बसून घाम गाळला. तुम्हाला मात्र हे ठाऊक नव्हतं, कारण तुम्हाला कधी दार उघडावंच लागलं नाही. मागे असतात, तर हा उतरून उघडेपर्यंत आतच राहिला असतात. पुढे, याच्या शेजारी असतात, तर मागच्या दाराची थाप मारायचं कारण नव्हतं. उरते एकच जागा."

ड्रायव्हरच म्हणाला, "माझ्या मुलीला साहेबांनी नोकरीला लावलं. नाही कसं म्हणू?"

"उशीर होत होता. हा सावकाश चालवतो म्हणून बाजूला सरकवलं," साहेब टेबलाकडे पाहत म्हणाले. "दुसऱ्या कुणाची फाईल असती, तर मी एका ओळीत शेरा मारून मोकळा झालो असतो."

खाली पोलिसांची गाडी उभी होती. साहेब तिच्या दारापाशी येऊन थांबले. नुसतेच थांबले.

ड्रायव्हर सवयीने पुढे झाला. बायकोने त्याची बाही धरली. "अहो, राहू द्या."

साहेबांनी स्वतःच खटका चाचपला.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. दाराकडे निघालेला आपला हात मास्तरांनी हळूच खिशात घातला.