तीन पंख्यांचं कार्ड आणि आजीचा ब्रेक

“हेच घ्यायचं! तीन पंखे आहेत याला, तीन!” भोपू ओरडला. तो कधी बोलत नसे, ओरडतच असे. म्हणून तर त्याचं नाव भोपू!

“तुला काय हवा खात बसायचंय?” फूटपट्टी म्हणाली. “पंखे मोजून कोणी ग्राफिक्स कार्ड घेतं का? आधी ते आपल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावतं का बघ!” फूटपट्टी ही मामाची मुलगी. कुठलीही वस्तू मोजून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

भोपूच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे खारूने, दोघांच्या मधून जाहिरातीचा कागद ओढून घेतला. “भांडा नंतर! पाच वाजता तो माणूस येतोय, विसरलात?”

दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं.

भानगड अशी होती. आजीने तीस वर्षं शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावरही तिची हौस फिटली नव्हती. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला तिने स्टिअरिंग आणि पायाशी ब्रेक जोडून घेतला होता आणि ती रोज बसचा खेळ खेळायची. सुट्टीत मुलं आली की मागे खुर्च्या मांडून प्रवासी व्हायची. भोपू घंटी मारायचा, अर्थात तोंडाने.

पण या सुट्टीत आजी स्टिअरिंगला हातच लावत नव्हती. “पाय ब्रेकवर पडतो, आणि बस थांबते पुढच्या चौकात!” ती म्हणाली होती. “आठ दिवसांत तीनदा थांब्यावर धडकले. तीस वर्षांत गाडीला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं!”

डॉक्टरांनी डोळे तपासले, हातपाय तपासले. सगळं ठणठणीत! पण आजीला पटेल तर शपथ. तिने आपल्या लाडक्या स्कूटरची किल्ली मामाच्या हातात ठेवली होती. “विकून टाक. उद्या खऱ्या रस्त्यावर कोणाचं पोर आडवं आलं आणि माझा पाय उशिरा पडला तर?”

तेव्हापासून चार दिवस आजी खिडकीशी बसून होती. फाटकापर्यंतसुद्धा गेली नव्हती. तिच्याकडे पाहिलं की खारूला आपली सायकल आठवायची. सायकल शिकताना पडायची भीती वाटली, तेव्हा हीच आजी म्हणाली होती, “ब्रेकवर विश्वास ठेव, बाकी सगळं आपोआप होतं!”

“पण चूक आजीची नाहीच,” खारू म्हणाली. “काल मामाने बस चालवली, तोही धडकला.”

“बाबाचं काही धरू नकोस,” फूटपट्टी म्हणाली. “तो चालतानाही दाराला धडकतो.”

“पण मीसुद्धा धडकलो!” भोपू ओरडला. “मी!”

हे मात्र खरंच विचार करण्यासारखं होतं. भोपूचे हातपाय विजेसारखे चालत. म्हणजे चित्रच अडखळत होतं. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, आजी नव्हे! आता पडद्यावरचं चित्र पळवणारं नवं कार्ड बसवायचं, आजीला बस चालवायला लावायची आणि पाच वाजता स्कूटर घ्यायला माणूस यायच्या आत किल्ली परत घ्यायची.

फूटपट्टीने जाहिरातीतल्या मापाचं पुठ्ठ्याचं कार्ड कापलं. कॉम्प्युटर बंद करून, वायर भिंतीतून काढून तिने कॅबिनेट उघडलं आणि जुन्या कार्डाशेजारी पुठ्ठा धरून पाहिला. तो चांगला तीन बोटं बाहेर आला!

“गेले तुझे तीन पंखे उडत!” ती भोपूला म्हणाली.

कॅबिनेट पुन्हा बंद करून, पुठ्ठा काखोटीला मारून तिघं कॉम्प्युटरच्या दुकानात धावली. दुकानातल्या ताईने चष्मा कपाळावर चढवला. “लांबी मोजून आणलीत? शाबास! मोठी माणसंसुद्धा एवढं करत नाहीत. बरं, सध्या कुठलं कार्ड आहे?”

खारूने कार्डाचं नाव सांगितलं. ताईच्या भुवया वर गेल्या. “त्यावर बसचा खेळ अडखळतो? कमाल आहे! म्हातारं असलं तरी एवढं काम ते हसत करेल. हे बघ, तसलंच कार्ड इथे चालू आहे. मागे हात धर.”

खारूने कॅबिनेटच्या मागच्या जाळीशी हात धरला. चांगला गरम वारा येत होता.

“कार्ड राबत असलं की तापतंच,” ताई म्हणाली. “घरी खेळ चालू करून असाच हात धरून बघा. मग सांगते, नवं हवं की नको. उगाच कशाला घ्यायचं?”

तिघं घरी पोचली तेव्हा साडेचार वाजले होते. फूटपट्टीने खेळ सुरू केला. बस नेहमीसारखी अडखळत निघाली. खारू टेबलामागे शिरली आणि जाळीशी हात धरून थांबली.

“काय गं?”

“थंड!” खारू कुजबुजली. “कार्ड थंडगार आहे! ते काही कामच करत नाहीये!”

तिने टॉर्च मारला. पडद्याची केबल वरच्या, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या साध्या खाचेत होती; कार्डाला ती जोडलेलीच नव्हती. खाली कार्डाला अगदी तशीच खाच होती, रिकामी. आणि केबलच्या टोकावर पिवळ्या रंगाचं बोट उमटलं होतं, भिंतीसारखंच पिवळं!

“भिंत कोणी रंगवली?” खारूने विचारलं.

“बाबाने,” फूटपट्टीचा चेहरा पडला. “तुम्ही यायच्या आधी. सगळ्या वायरी काढल्या आणि पुन्हा लावल्या.”

“कोण वायरींना हात लावतंय?” दारातून मामाचा आवाज आला. “मी एकदम नीट लावल्यात हं! उगाच उपद्व्याप नकोत!”

आता वाद घालत बसलं तर पाच वाजणार! खारूने भोपूला डोळ्याने खुणावलं.

“मामा!” भोपू ओरडला. “तू भिंत काय भारी रंगवलीस रे! बाहेरची पण तूच रंगवलीस? दाखव ना!”

मामाची कळी खुलली. “अरे, त्यात एक युक्ती असते,” असं म्हणत तो भोपूला घेऊन अंगणात गेला. इकडे फूटपट्टीने कॉम्प्युटर बंद केला आणि खारूने केबल खालच्या, कार्डाच्या खाचेत बसवून खेळ पुन्हा सुरू केला.

“आजी, चल!”

“नको गं बाळा. मला नाही आता जमत.”

“एकच फेरी! प्रवासी थांब्यावर उभे आहेत. त्यांना तसंच टाकून जाणार तू?”

आजीने असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती कुरकुरत उठली आणि स्टिअरिंगशी बसली. बस निघाली, लोण्यातून सुरी जावी तशी! पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तेवढ्यात पडद्यावर एक कुत्रा आडवा आला.

आजीचा पाय खाली गेला. बस जागच्या जागी थांबली. कुत्रा शेपटी हलवत पलीकडे गेला.

आजीने पुन्हा गाडी काढली, पुन्हा ब्रेक दाबला. मग पुन्हा एकदा.

“माझा पाय वेळेवर पडतोय,” ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“तो रोजच वेळेवर पडत होता, आजी!” खारूने तिच्या गळ्यात हात टाकले. “वायर चुकीच्या जागी होती!” मग तिने दुकानातल्या ताईपासून सगळं सांगून टाकलं.

दारात आलेल्या मामाने कान पकडले. “मीच तो शहाणा! आई, चुकलो. पण या पोरांनी कमाल केली हं! डॉक्टर हरले, मी हरलो, आणि यांनी हाताने वारा बघून शोधून काढलं!”

तेवढ्यात बेल वाजली. बरोबर पाच! दाराशी स्कूटर घ्यायला आलेला माणूस उभा होता. आजी स्वतः पुढे गेली.

“तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा,” ती म्हणाली. “गाडी विकायची नाही. ड्रायव्हर अजून कामावर आहे.”

मग तिने मामापुढे हात पसरला. मामाने मुकाट्याने किल्ली दिली.

“अगं, पण निघालीस कुठे?”

“त्या दुकानवाल्या ताईला सांगायला, की आमचं म्हातारं कार्ड ठणठणीत आहे! खारू, हेल्मेट घाल आणि बस मागे.”

“आणि मी?” भोपू ओरडला.

“तू पुढच्या फेरीला! घंटी तेवढी मार!”

“टिंग टिंग!” भोपू एवढ्या जोरात ओरडला की फाटकाजवळची मांजर दचकून थेट स्कूटरसमोरून पळाली.

स्कूटर जागच्या जागी थांबली. आजीने मागे वळून खारूकडे पाहिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती खळखळून हसली.