एका सेकंदाची सूट

त्या शुक्रवारी उत्तरेकडच्या ऊलू शहरातल्या आमच्या ऑफिसात माझं काम अगदी साधं होतं. रुग्णाच्या हृदयाचे ठोके नोंदवणारं आमचं सॉफ्टवेअर तीन वाजता गावातल्या रुग्णालयाकडे धाडायचं, आणि पाचला त्याच रुग्णालयात बाबांना भेटायला जायचं. सोमवारी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती.

पण एक चाचणी मधूनच नापास होत होती. चाचणीतला रुग्ण खोटा, ठोकेही खोटे. फक्त ठोका पडल्याची वेळ आणि नोंदवहीतली वेळ तंतोतंत जुळायला हवी.

"जुनंच दुखणं आहे ते, इल्मारी," माझी वरिष्ठ तूलिक्की लोकरी मोजे वर ओढत म्हणाली. "घड्याळ सेकंदाचे दशांश चिन्हापुढचे नऊ आकडे देतं, नोंदवही सहाच ठेवते. दोन्हीकडे सहावर काप आणि मोकळा हो. नाहीतर वेलदोड्याचे पाव तुझ्याकडून!"

चाचणी पाडणाऱ्याने सगळ्यांना पाव आणायचे, हा आमचा दंडक.

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण शेवटचे आकडे कापले गेले तर फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी पडतो. इथे तो जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा होता. ठोका पडायच्या आधीच तो नोंदवला गेला होता.

मी पाच वेळा पाहिलं. खरं सांगतो, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण तीन वाजत आले होते, बाहेर हिवाळ्यातलं अंधारून आलं होतं, आणि मला लवकर निघायचं होतं. वेळेत एका सेकंदाचा फरक चालेल, मागे किंवा पुढे, असं मी लिहून टाकलं. चाचणी निमूट पास झाली.

वॉर्डात स्पिरिटचा वास होता. बाबा मात्र खुशीत होते. गालात त्यांची नेहमीची ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी.

"या साहेब! तुमचं यंत्र तासाभरापूर्वी उशाशी आणून ठेवलंय. टुकटुक करून डोकं उठवलंय मेल्याने!"

हसतच मी त्यांचं मनगट धरलं. नाडी लागली. बाबांचा एखादा ठोका मधूनच चुकतो, वर्षानुवर्षं. पडद्यावर तो चुकला. बोटाखाली मात्र नाडी नीट चालली होती. एक, दोन, तीन, चार... आणि मग बोटाखाली तो चुकला.

मी पुन्हा मोजायला लागलो. पुढच्या खेपेला पडद्यावर ठोका चुकल्यानंतर नाडी चुकायला नऊ ठोके लागले.

मग टुकटुक थांबली. पडद्यावर सरळ रेघ.

परिचारिका साइया धावत आली. "वायर निघाली असेल..." तिने एकेक वायर चाचपली. सगळ्या घट्ट होत्या. ती माझ्याकडे न बघता डॉक्टरांना बोलवायला पळाली.

"हात काय धरून बसलायस रे?" बाबा हसले. "कुक्कुलं बाळ आहेस का?"

"असू दे बाबा... तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू? गोळी हवी का?"

बोटाखाली नाडी चालू होती. तेरा... चौदा... पडद्यावरची सरळ रेघ बोटांपर्यंत पोचायच्या आधी या खेपेला किती ठोके मिळणार होते, ते मला माहीत नव्हतं.