खोली दोनशे चौदा, पलंग तिसरा

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, नाईलच्या पाण्याची शपथ, हजला जाऊन आलेल्या माझ्या नवऱ्याच्या कबरीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर उद्या सकाळी माझी भट्टी पेटू नये! ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. नंतर जमायचं नाही.

तर, कूस गावाच्या अलीकडे उसाच्या मळ्यांतून रस्ता जातो, तिथे अब्दुल-राझीचं घर. माणूस साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. त्याची थोरली मुलगी रावया, वय अठरा, असियूत शहरात फार्मसीच्या कॉलेजला लागली. गावातून एवढं शिकायला बाहेर पडणारी पहिलीच. अब्दुल-राझीनं एकच अट घातली होती, तीही चारचौघांत: "मुलींच्या सरकारी वसतिगृहात पलंग मिळाला तर जा. भाड्याच्या खोलीत माझी लेक राहणार नाही. पलंग गेला की कॉलेज गेलं." आणि कॉलेज गेलं की पुढे काय, ते रावयाला पक्कं ठाऊक होतं. चुलतभाऊ बदवी नवी मोटारसायकल घेऊन दारावरून दिवसाला चार फेऱ्या मारत होताच.

पलंग मिळाला. खोली दोनशे चौदा, पलंग तिसरा, खिडकीजवळचा.

मग काय, घरात लगीनघाई. चादरी दोन, उशी एक, कपाटाला कुलूप, वाळत घालायची दोरी, प्लास्टिकच्या सपाता, सहा फोटो. इस्त्री नेऊ द्यायचे नाहीत म्हणे, तरी आई सेनियानं ती टॉवेलात गुंडाळून पेटीच्या तळाशी दडवली. वसतिगृह बुधवारी उघडणार होतं. आणि सोमवारी रावयाची अक्कलदाढ सुजली. उजवा गाल असा टम्म, की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "पाच इंजेक्शनं. शनिवारच्या आत हलायचं नाही."

सेनिया पेटीवरच बसली. "तोवर त्या खिडकीजवळच्या पलंगावर दुसरीनं कोणी बूड टेकवलं म्हणजे? मग काय, दारात झोपायचं पोरीनं?"

"नाव आहे गं यादीत माझं, अम्मा."

"नावावर कोणी झोपतं का? पलंगावर आपलं काहीतरी पडलं पाहिजे."

आणि तिनं केलं काय, तर मंगळवारी पहाटे कणीक भिजवली. आमच्याकडची भाकरी आधी उन्हात ठेवून फुगवतात, मग भट्टीत जाते. प्रवासाला निघणाऱ्यासाठी भाकरी केली की त्याच्या हाताचा ठसा कच्च्या कणकेवर उठवायचा, म्हणजे परक्या गावात त्याची भाकरी दुसऱ्यानं खाऊ नये. रावयाचा हात धरून सेनियानं सात भाकऱ्यांवर सात ठसे उठवले. त्या भाजल्या, परडीत घातल्या, खारवलेलं चीज ठेवलं, वरून रावयाची रोजच्या वापरातली काळी ओढणी बांधली. आणि परडी असियूतला जाणाऱ्या हज्जाजच्या मायक्रोबसवर चढवली.

रावयाची आत्या बहिया कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती धावत आली. "अगं ए सेनिया! ठसा उठवलेली भाकरी त्या माणसाच्या हातातून जाते. पोरगी घरात बसलीय आणि भाकरी एकटी कुठे पाठवतेस?"

"तुमचं आपलं काहीतरीच, वन्सं. भाकरी आहे ती. वधू नाही!"

सगळ्या हसल्या. रावयाही हसली, अर्ध्या तोंडानं.

गुरुवारी दुपारी हज्जाज परत आला. दारातच ओरडला, "पोचली बरं का परडी! पण काय गं पोरी, एवढा माज चढला का तुला? सलाम नाही, चहा नाही. परडी घेतलीस आणि विचारतेस काय, तर 'माझं अजून काही आहे का?' मी काय तुझा नोकर?"

रावया त्याच्यासमोर उभी होती. गालाला गरम फडकं लावून. हज्जाजनं तिला पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू... कधी आलीस परत?"

"हशीश ओढतो मेला," सेनिया म्हणाली, आणि त्याच्या हातावर चहाचा पेला ठेवला. तो पेला तसाच भरलेला खाली ठेवून हज्जाज गेला.

त्याच संध्याकाळी रावयाचा फोन वाजला. खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं, दुआनं, यादीतून नंबर काढून तिघींचा ग्रुप केला होता. दुआ सोहाग गावची, तिसरी हदीर मिन्या गावची. रावयाला केवढा आनंद झाला! तिनं लिहिलं: सलाम मैत्रिणींनो, मी रावया.

दुआचं उत्तर आलं: "माहितीये कोण आहेस ते. तोंडानं बोलायला काय होतं? कालपासून भिंतीकडे बघत बसलीयस."

रावयानं दोनदा वाचलं. वाटलं, चेष्टा आहे. नवीन मुलीची करतात तशी.

शुक्रवारी सकाळी हदीरचा निरोप: "माझ्या पलंगावर बसत जाऊ नकोस. चादर ओली होते."

मग दुआचा: "आणि तुझी भाकरी आम्ही खाणार नव्हतोच. तूच खाल्लीस सगळी. उभ्यानं. सातच्या सात. शी!"

भाकऱ्या सात होत्या हे रावयानं कोणालाच लिहिलं नव्हतं.

ती गच्चीवर गेली. गच्चीचा, कोंबड्यांचा, मागच्या उसाचा फोटो काढून पाठवला. "हे बघा. मी घरी आहे. माझा गाल सुजलाय. मी रविवारी येणार. तिथे कोण आहे?"

 मग दुआ: "फार हुशार समजतेस स्वतःला. माझ्या समोरच्या पलंगावर बसून टाइप करतेयस, आणि मी घरी आहे म्हणे."

पाठोपाठ फोटो आला. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलेलं. लोखंडी पलंग. पलंगावर पाठमोरी बसलेली एक मुलगी, डोक्यावर काळी ओढणी. ओढणीच्या टोकाला जळल्याचं भोक. ते भोक रमजानमध्ये इस्त्रीनं पडलं होतं, रावयाच्याच हातून.

फोटोखाली हदीरनं लिहिलं होतं: "उद्या वसतिगृहाच्या करीमाबाईंकडे लेखी तक्रार देतोय. दोघी सही करणार. खोलीतून काढा म्हणणार. जा मग घरी, कोंबड्या सांभाळ."

आता सांगा, पोरीनं करावं काय? घाबरावं भुताला की तक्रारीला? रावया तक्रारीला घाबरली. पलंग गेला असता. खाली येऊन ती म्हणाली, "अब्बा, मी रविवारपर्यंत थांबत नाही. उद्याच सोडा मला."

अब्दुल-राझी जेवत होता. त्यानं वर पाहिलं. "कोणाला सोडायचं?"

"मला."

"हां हां. तुलाच," तो म्हणाला, पण सावकाश. जसा चष्मा शोधतो माणूस.

सेनियानं ताटल्या मांडल्या होत्या तीनच. रावयानं चौथी आणली तेव्हा ती दचकली. "अगं बाई! मला वाटलं, तू तर गेलीस बुधवारी."

"अम्मा!"

"बरं बरं, चुकलं माझं. डोकं ठिकाणावर नाही हल्ली." पण वाढताना तिनं चौथ्या ताटलीत काही घातलं नाही. रावयानं आपलं आपण घेतलं. बहिया आत्या तेवढी तिच्याकडे बघत राहिली आणि जेवण होईपर्यंत तिनं रावयाचं मनगट धरून ठेवलं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं बाप-लेक निघाले. समोरासमोर बसले. गाडी चालली ऊस, केळी, ऊस, पाणी असं दाखवत. अब्दुल-राझी खिडकीबाहेर बघत होता. सोहाग स्टेशन गेल्यावर त्यानं खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या, थोड्या रावयापुढे केल्या आणि म्हणाला, "घ्या." लेकीला "घ्या" म्हणाला. रावयाला वाटलं, थट्टा करतोय.

वसतिगृहाच्या फाटकात दुपारी बाराचं ऊन. आत टेबलामागे करीमाबाई. देखरेखीवरची बाई, आवाज दगडासारखा, समोर नावांची वही.

"नाव?"

"रावया अब्दुल-राझी. खोली दोनशे चौदा."

बाईंनी पान उलटलं. "आलीय ती. बुधवारीच. ही सही."

सही रावयाचीच होती. तिच्या नावाचं शेवटचं अक्षर ती खाली ओढते, शेपटीसारखं. तसंच ओढलेलं.

"बाई, ती मी नाही. म्हणजे मीच रावया, पण ही सही माझी नाही. हे ओळखपत्र बघा."

बाईंनी ओळखपत्र हातात घेतलं. फोटो पाहिला. रावयाचा सुजलेला गाल, अर्धा मिटलेला डोळा पाहिला. मग पुन्हा फोटो. "या फोटोतली मुलगी मी चार दिवस रोज बघतेय. तू कोण? कोणाचं ओळखपत्र उचललंस?"

"अब्बा, सांगा ना यांना!"

अब्दुल-राझी पेटी हातात धरून उभा होता. "खाली बोलवा तर खरं तिला," तो म्हणाला.

बाईंनी जिन्याकडे तोंड करून नाव पुकारलं.

पहिल्या आल्या दुआ आणि हदीर. दोघी भिंतीला चिकटून चालत होत्या, मागून येणारीला वाट देत. दुआच्या हातात तक्रारीचा कागद होता. रावयाला पाहिलं, आणि तिनं तो कागद चुरगाळून मुठीत दाबला.

मग ती आली.

काळी ओढणी. सपाता नाहीत. तिचा गाल सुजलेला नव्हता. एवढाच काय तो फरक.

"अब्बा," ती म्हणाली. "चीज संपलं."

आवाज रावयाचा. बिनसुजलेल्या तोंडातून स्वच्छ आलेला.

"अब्बा, ती मी नाही!" रावया ओरडली. सुजलेल्या तोंडानं तिचे शब्द बोबडे निघाले. "तिला विचारा! मी सहा वर्षांची असताना कालव्यात कोण पडलं होतं, विचारा!"

"बकरी," ती दुसरी म्हणाली. रावयाचं बोलणं पुरं व्हायच्या आत. "आणि तुम्ही उडी मारलीत, तुमचं घड्याळ गेलं. तुम्ही आईला सांगितलंत, चोरीला गेलं."

ते घड्याळाचं रावयालाही माहीत नव्हतं.

अब्दुल-राझीचे डोळे भरून आले.

"दुआ," रावया म्हणाली. "हदीर. तुम्ही सांगा. तुम्ही तर तक्रार करणार होतात."

हदीरनं खाली पाहिलं. "आमची काही तक्रार नाही, बाई," ती करीमाबाईंना म्हणाली. "चांगली आहे रावया." तिचे ओठ पांढरे पडले होते.

करीमाबाईंनी वही मिटली. "एक नाव, एक पलंग. कोणती तुमची, हाजी?"

अब्दुल-राझीनं दोघींकडे पाहिलं.

एकीकडे.

मग दुसरीकडे.

त्यानं पेटी नेऊन ओढणीवालीच्या पायाशी ठेवली.

"नीट अभ्यास कर," तो म्हणाला.

रावया हलली नाही. त्या दुसरीनं पेटी उचलली आणि जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर थांबली, मागे वळली आणि रावयाला म्हणाली, अगदी हळू, जसं बाजारात एकीनं दुसरीला म्हणावं: "माझं अजून काही आहे का?"

आणि मागे येऊन करीमाबाईंच्या टेबलावरचं ओळखपत्र उचलून वर गेली.

परतीच्या गाडीत अब्दुल-राझीनं एकच तिकीट काढलं. तपासनीस आला तेव्हा अब्दुल-राझीनं समोर बसलेल्या रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं, दया येऊन तिचेही पैसे भरले, आणि विचारलं, "गाल फार दुखतोय का गं? कोणाची तू?"

झालं. ही अशी गोष्ट. ती फार्मसीवाली आता तिसऱ्या वर्षाला आहे, दर ईदला घरी येते, सेनिया तिच्यासाठी बदक कापते. बहिया आत्या मात्र त्या दिवसांत जेवायला तिकडे थांबत नाही. माझ्याकडे येते.

आणि बरं, शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट माझ्या पदरची आहे. मुलीचं नाव रावया नव्हतं. खरं नाव घेतलं की ओ वसतिगृहातून येते, ही इथे भट्टीपाशी नुसती बघत राहते. आता त्या गाडीतून उतरलेली एवढी मोठी पोर मी घरात ठेवून घेतलीय, तिला हाक मारायला काहीतरी लागतंच ना. म्हणून मी ठेवलं. अजून सवय व्हायचीय तिला. दोन-तीनदा म्हणावं लागतं.