ओट्याचं माप

कानिफनाथला मी पहिल्यांदा गिऱ्हाईक समजले.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राहाता गावातलं आमचं घर विकायला काढलं होतं आणि हा फाटकाजवळची भिंत ठोकून बघत होता. मी लगबगीने चहा दिला. म्हटलं, "या भिंतीला कधीच ओल येत नाही हं."

"मी ओल काढायलाच आलोय," तो म्हणाला. "आन्नांनी काम दिलंय." चहा मात्र त्याने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मग तो रोज येऊ लागला. मला घर जाता जाता नटवायचं होतं. निळ्या टाइल्स, सागवानी खिडकी... तो नुसता मान हलवायचा.

"या गल्लीत पस्तीस लाखाच्या वर घर गेलेलं न्हाई. तुमी चांदीचा नळ लावला तरी येनारा पस्तीसच देनार. ओल काढू, रंग देऊ, ओटा नवा घालू. बास."

"आणि माझी आवड?"

"तिचं पैसं गिऱ्हाईक देत न्हाई," तो म्हणायचा, आणि असा बघायचा की मी टाइल्स विसरायचे.

अशात देवश्री आली. दातांची डॉक्टर, दोन घरं सोडून राहायला आलेली. तिचंही काम कानिफनाथकडेच. त्याची गाडी तिच्या दारात किती वेळ उभी असते, हे मला न बघताही कळायला लागलं.

एका दुपारी तिने मागितलेलं विरजण घेऊन गेले, तर ती स्वयंपाकघरात कोपर दुमडून उभी, आणि हा टेप धरून शेजारी!

"हलू नका, मॅडम. कोपराच्या खाली चार बोटं ओटा असला, म्हंजी पाठ दुखत न्हाई."

ती हसत होती. दात सुंदर होते मेलीचे.

मी जळले, सरळ सांगते. तीन आठवड्यांत आम्ही कर्जतला जाणार, आणि हा इथे लोकांची कोपरं मोजत बसणार. आपल्याला तो आवडतो, हे असं भलत्याच्या स्वयंपाकघरात कळावं?

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. मी चहा विचारला नाही.

"आमचा ओटा किती उंच घातलात?"

"बत्तीस इंच. नेहमीचा."

"माझं माप का नाही घेतलं?"

"घर इकायचं हाय ना? येनारी बाई उंच का बुटकी, काय ठावं?"

"देवश्रीचं बरं घेतलंत—"

"त्या ऱ्हानार हायत तिथं."

त्याचं बरोबरच होतं, म्हणून जास्तच राग आला. डोळे भरले ते दिसू नयेत म्हणून मी पाठ फिरवली.

मागे टेप खेचल्याचा आवाज झाला.

"वळा इकडं... संस्कृती. कोपर दुमडा."

नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं.

"आता कशाला? ओटा तर झाला."

"ह्या घरासाठी न्हाई." टेपचं टोक त्याने पायाखाली दाबलं. "अस्तगावला माझं घर बांधतोय. समदं झालंय, निस्ता ओटा ऱ्हायलाय. गवंडी रोज माप इचारतोय."

"घाला की बत्तीसचा. नेहमीचा."

"ते घर इकायचं न्हाई मला."

मी डोळे पुसले, वळले आणि कोपर दुमडून सरळ उभी राहिले.

"आणि टाइल्स?" मी विचारलं.

"निळ्या," तो टेपवरचा आकडा बघत म्हणाला. "कवाच आनून ठेवल्यात."